आतड्याचे एक दुखणे आणि त्याचे सोबती

श्रोतेहो, कागल म्हटले की आपल्याला आठवतात राजर्षी शाहू छत्रपती. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि १९०६ साली त्यांनी कोल्हापुरात सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी काढली. आपल्या भागातल्या कारखानदारीची ती सुरुवात म्हणायला हरकत नाही. आज त्याच कागलच्या शिवारात पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. कुठे फाउंड्री, कुठे यंत्रांचे सुटे भाग, कुठे सूत आणि कापड. कागल, हुपरी, पट्टणकोडोली, कसबा सांगाव, तिकडे निपाणीपर्यंतची माणसे तिथे कामाला येतात. यातली कितीतरी माणसे पहाटे म्हशीची धार काढतात, डेअरीला दूध घालतात आणि मग पहिल्या शिफ्टला हजर होतात. म्हणजे एकाच घरात गोठाही आहे आणि कारखानाही आहे. आज ज्या रोगाचा इतिहास सांगायचा आहे, त्या रोगाचा शोध घेणारे विद्वानसुद्धा गेली शंभर-सव्वाशे वर्षे याच दोन दारांशी घोटाळत आहेत. एक दार गोठ्याचे, दुसरे कारखानी राहणीचे. म्हणून हा विषय कागलकरांना परका वाटू नये.

या रोगाचे नाव क्रोनचा रोग. नाव परदेशी आहे; एका डॉक्टरच्या नावावरून पडले आहे. आपण जेवतो ते अन्न तोंडापासून गुदद्वारापर्यंत एका लांबलचक नळीतून जाते. या नळीला कोठेही सूज येऊन आत जखमा पडणे, हे या रोगाचे रूप. पण त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतडे संपते आणि मोठे सुरू होते तो सांधा. आपल्या पोटात तो बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला येतो. तिथली भिंत जाड होते, वाट अरुंद होते. जेवल्यावर कळा येतात, वरचेवर जुलाब होतात, बारीक ताप राहतो, वजन उतरते. काहींना गुदद्वारापाशी भगंदर होते, आणि कितीही वेळा शस्त्रक्रिया केली तरी ते पुन्हा वाहू लागते. रोग संसर्गाचा नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. तो समूळ जाईल असे औषध अजून निघालेले नाही. पण वेळेवर ओळखला तर तो ताब्यात ठेवता येतो, आणि माणूस नोकरी, शेती, संसार सगळे करू शकतो.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, हे पोटाचे दुखणे झाले. ते पोटाच्या डॉक्टरने पाहावे. पण खरी गोम इथेच आहे. हा रोग एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचे सोबती येतात, आणि ते पोटापासून फार लांब जाऊन बसतात. कुणाचा डोळा वारंवार लाल होतो आणि उजेड सहन होत नाही. कुणाचे गुडघे-घोटे सुजतात. कुणाची कंबर पहाटे इतकी आखडते की अंथरुणातून उठवत नाही, आणि कामाला लागल्यावर मात्र ती मोकळी होते. कुणाच्या नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. तोंडात फोड येतात, ते काही केल्या जात नाहीत. रक्त कमी होते, मुतखडा होतो, पित्ताशयात खडे होतात, हाडे ठिसूळ होतात. आणि वाढत्या वयाचे मूल असेल तर ते वाढायचेच थांबते. स्वित्झर्लंडमधल्या रुग्णांची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना असे बाहेरचे सोबती जडले होते, त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत पहिला सोबती आतड्याच्या रोगाचे निदान होण्याच्या आधीच हजर झाला होता. म्हणजे दुखणे आतड्याचे, आणि पहिली तक्रार डोळ्याची किंवा सांध्याची!

आता पाहा, आपल्याकडे काय होते. डोळा दुखला तर माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो. कंबर धरली तर हाडाच्या डॉक्टरकडे, नाहीतर मालीशवाल्याकडे. भगंदरासाठी रस्त्यावरची पाटी वाचून कुठेतरी जातो. पोटासाठी गावातला दवाखाना आहेच. चार ठिकाणी चार कागद होतात, आणि ते चार कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो. पण एकूण रोग्याचे उत्तर चुकते. या रोगाचा सारा इतिहास म्हणजे असे वेगवेगळे कागद हळूहळू एका टेबलावर कसे आले याचा इतिहास आहे.

तो इतिहास इटलीपासून सुरू करता येतो. पादुआ शहरात मॉर्गान्यी नावाचे शरीरशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. माणूस कशाने मेला हे त्याचे प्रेत तपासून पाहावे आणि जिवंतपणीच्या तक्रारींशी ते ताडून बघावे, असा त्यांचा परिपाठ होता. १७६१ साली त्यांनी आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात वीस वर्षांच्या एका तरुणाची हकिगत आहे. त्याला जुलाब आणि ताप होता, त्यातच तो गेला, आणि त्याच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा आढळल्या. आजचे डॉक्टर ते वर्णन वाचून म्हणतात, हा बहुधा हाच रोग असावा. पण त्या काळी त्याला वेगळे नाव मिळाले नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात एक फार मोठा शोध लागला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. क्षय जसा फुप्फुसात होतो तसा आतड्यातही होतो, आणि त्याचीही आवडती जागा तीच, लहान-मोठ्या आतड्यांचा सांधा. त्यामुळे त्या जागी जखम दिसली की डॉक्टर म्हणत, हा क्षय. बहुतेक वेळा ते खरेही असे. पण काही रोग्यांत कितीही शोधले तरी जंतू सापडत नसत. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

याच सुमारास गोठ्यातूनही एक बातमी आली. जर्मनीत ड्रेस्डेन येथे योने नावाचे पशुरोगशास्त्रज्ञ होते. १८९५ साली त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर एका गाईचे आतडे तपासले. ही गाय जुलाबाने खंगून गेली होती. आतड्याची भिंत जाड झाली होती, आतून वळ्या पडल्या होत्या, आणि त्यात क्षयाच्या जंतूंसारखेच दिसणारे जंतू होते. आज त्या रोगाला योने यांचे नाव आहे. आपल्याकडचे पशुवैद्य त्याला 'जोन्स' म्हणतात. ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनी त्याची लक्षणे ध्यानात ठेवावीत. जनावर वैरण नीट खाते, तरी दिवसेंदिवस वाळत जाते. पातळ शेण टाकते. दूध कमी होते. पुढेपुढे जबड्याखाली सूज येते. रोग वासरू किंवा रेडकू लहान असतानाच शेणातून किंवा दुधातून शिरतो, आणि दोन-चार वर्षे गप्प बसून मग बाहेर पडतो.

या दोन गोष्टी प्रथम जोडल्या त्या ग्लासगो शहरातल्या डॅलझील या शस्त्रक्रियातज्ज्ञाने. १९१३ साली त्यांनी काही रोग्यांची हकिगत छापली. आतडे सुजलेले, जाड झालेले, वाट बुजलेली, आणि क्षयाचे जंतू नाहीत. त्यांनी लिहिले की हे चित्र गुरांच्या योने-रोगाशी इतके जुळते की दोन्ही रोग एकच असावेत असे म्हणावेसे वाटते. अडचण एवढीच होती की गाईच्या आतड्यात जंतू दिसत आणि माणसाच्या आतड्यात ते दिसत नसत. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि डॅलझील यांचे लिखाण मागे पडले.

मग १९३२ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी चौदा रोग्यांची माहिती एकत्र मांडली आणि हा क्षयाहून निराळा, स्वतंत्र रोग आहे असे स्वच्छ सांगितले. नावाची हकिगत मोठी गमतीची आहे. लेखकांची नावे इंग्रजी वर्णक्रमाने छापली गेली, म्हणून क्रोन पहिले आले आणि रोग त्यांच्या नावावर चढला. त्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे बर्ग नावाचे ज्येष्ठ डॉक्टर होते. लेख आपण लिहिलेला नाही, तेव्हा आपले नाव नको, असे त्यांनी सांगितले. ते हो म्हणते तर वर्णक्रमाने बर्ग यांचेच नाव पहिले आले असते. क्रोन यांनी आधी रोगाला जे नाव योजले होते त्यात 'शेवटचे आतडे' असा अर्थ होता. ते ऐकून रोग्यांना वाटेल की आपलाच शेवट जवळ आला, अशी शंका निघाली आणि ते नाव बदलले गेले. नाव देतानासुद्धा रोग्याच्या मनाचा विचार झाला, ही गोष्ट शिक्षकमंडळींनी लक्षात घेण्याजोगी आहे.

१९५६ च्या जून महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच रोगाने आतड्याची वाट अडल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून जगभर गेले. १९६० साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन या दोघांनी हा रोग मोठ्या आतड्यातही होतो हे नीट दाखवून दिले. आणि जसजसे रोगी अधिक पाहण्यात आले, तसतसे डोळा, सांधे, कातडी, यकृत यांचे संबंध स्पष्ट होत गेले.

हे संबंध दोन प्रकारचे आहेत. काही अगदी साधे. जीवनसत्त्व ब-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशीच शोषले जाते. ते टोक आजारी पडले की जीवनसत्त्व कमी पडते, रक्त उतरते, हातापायांना मुंग्या येतात. तिथेच पित्ताचे क्षार परत घेतले जातात. ते बिघडले की पित्ताचे खडे आणि मुतखडे यांना वाव मिळतो. दुसरा प्रकार जरा गुंतागुंतीचा. शरीराची संरक्षक फौज आतड्यात भडकलेली असते, आणि तीच डोळ्यात, सांध्यात, कातडीत जाऊन आपल्याच माणसांवर हात उचलते. फौज एक, पण दंगल चार गावांत, असा हा प्रकार आहे.

आता आपण आपल्या देशात येऊ. आपल्याकडे क्षय फार. कागलपासून जवळच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले, आणि पुढे क्षयरोग्यांसाठी वेगळे आरोग्यधाम काढावे लागले. त्यावरून वानलेसवाडी हे नाव आपल्या तोंडी बसले. ज्या मुलखात क्षय घरोघरी ठाऊक आहे, तिथे आतड्याची जखम दिसली की क्षयाचा संशय आधी येणार. आणि तो यायलाच हवा. क्रोनचा रोग पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे तो नाहीच, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. १९७२ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील टंडन आणि प्रकाश यांनी आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग यांतला फरक कसा ओळखावा यावर महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही रोग्यांत खुद्द आतड्यात क्षयाची खूण मिळत नाही, पण शेजारच्या गाठींत ती मिळते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे नुसते आतड्यात जंतू दिसले नाहीत, म्हणून क्षय नाही असेही म्हणता येत नाही. केवढा पेच आहे पाहा!

हा पेच पुस्तकातला नाही. त्यात माणसाचा जीव गुंतलेला आहे. क्रोनच्या रोग्याला क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या, तर तेवढ्या काळात त्याचे आतडे आखडून जाते आणि पुढे ते कापावे लागते. उलट क्षयाच्या रोग्याला क्रोनचा रोगी समजून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय सगळ्या अंगात पसरतो आणि रोगी हातचा जातो. १९९८ साली अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब नावाचे नवे औषध क्रोनच्या रोगासाठी मंजूर झाले. पुष्कळांना त्याने गुण आला. पण २००१ साली असे ध्यानात आले की ते घेणाऱ्या काहींच्या अंगातला झोपलेला क्षय जागा झाला. म्हणून आता ही औषधे देण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

आपल्याकडच्या जाणत्या डॉक्टरांनी यातून एक मार्ग काढला आहे. शंका राहिली तर आधी क्षयाची औषधे सुरू करायची, आणि दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण घालून जखमा भरत आहेत का ते पाहायचे. भरल्या तर क्षय. औषध पुरते करायचे. नाही भरल्या तर पुन्हा विचार करायचा. यात रोग्याचे काम काय? गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, आणि फेरतपासणीला चुकायचे नाही. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारा आणि बरे वाटेना म्हणून गप्प बसणारा, दोघेही सारखेच फसतात.

आता गोठ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. डॅलझील यांनी १९१३ मध्ये जे म्हटले, ते खरे का? गुरांमधला योने-रोग आपल्या देशातही आहे. मथुरेजवळच्या मखदूम येथील केंद्रीय बकरी संशोधन संस्थेत त्यावर मोठे काम झाले आहे. तिथे या रोगावर देशी लसही तयार झाली. माणसांकडे पाहावे, तर २००४ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी क्रोनच्या रोग्यांच्या रक्तात हे जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यावर बरीच खळबळ उडाली. मग याच जंतूंवर औषध देऊन पाहावे, असे ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी ठरवले. २१३ रोग्यांची पाहणी झाली. निम्म्यांना तीन जंतुनाशके दोन वर्षे दिली. त्यांतले एक क्षयाच्या औषधांच्या घराण्यातले होते, तर दुसरे कुष्ठरोगावर वापरतात ते. २००७ साली निकाल लागला. सोळा आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांत शंभरी ६६ जणांना आराम पडला होता, न घेणाऱ्यांत ५०. पण पुढे वर्ष-दोन वर्षांनी हा फरक टिकला नाही. म्हणून जंतू आणि रोग यांचा काही संबंध असू शकतो, पण जंतू हेच कारण, असा निवाडा आजवर झालेला नाही.

इथे आपल्या कोल्हापूरच्या एका आवडीबद्दल बोललेच पाहिजे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पिण्याचा रिवाज फार जुना आहे. तालमीतल्या पैलवानाला तर त्यावाचून चैन पडत नाही. १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ निघाला, आणि गावोगावचे दूध एकत्र करून, तापवून, थंड करून शहरात जाऊ लागले. पाश्चरीकरणात दूध साधारण ७२ अंशांपर्यंत काही सेकंद तापवतात. योने-रोगाचे जंतू चिवट; थोडेफार जंतू त्यातूनही वाचल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. घरी दूध चांगले उकळले तर मात्र त्यांचा टिकाव लागत नाही. क्रोनचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. कच्च्या दुधातून गुरांचा क्षय आणि ब्रुसेलाचा ताप माणसाला होतो, हे तर पक्के सिद्ध आहे. तेव्हा धारोष्ण दुधाचा मान राखून एवढेच सांगायचे, की आपल्या आया-आज्या दूध उतू जाईपर्यंत तापवतात, तेच शास्त्राला धरून आहे.

तिसरा धागा आनुवंशिकतेचा. २००१ साली 'नॉड-२' नावाच्या एका जनुकातील बदल आणि क्रोनचा रोग यांचा संबंध सापडला. शरीरात शिरलेल्या जंतूंची वर्दी फौजेला देणे, हे या जनुकाचे काम. म्हणजे पहारेकरीच कच्चा निघाला! युरोपीय लोकांत जे बदल सापडले ते आपल्या लोकांत क्वचितच आढळतात, ही गोष्टही तपासातून पुढे आली आहे. तेव्हा त्यांचे उत्तर जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाही. पण पुढे आणखी नवल घडले. २००९ साली चीनमध्ये कुष्ठरोग्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, आणि त्यातही नॉड-२ पुढे आले. कुष्ठरोगाचे जंतू हे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद; योने-रोगाचेही त्याच कुळातले. कोल्हापूरच्या शेंडा पार्कात कुष्ठधाम होते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तिथला रोग आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयातला रोग यांची मुळे कुठेतरी शेजारी-शेजारी असतील, असे १९३२ साली कोणाच्या स्वप्नातही आले नसते. २०१२ साली पुष्कळ देशांच्या संशोधकांनी मिळून आतड्याच्या अशा रोगांशी संबंधित १६३ जागा जनुकांवर दाखवल्या. त्यांतल्या कित्येक जागा क्षय-कुष्ठाच्या कुळातील जंतूंना तोंड देण्याशी निगडित आहेत. आणखी एक जनुक असे निघाले की त्याचा संबंध क्रोनच्या रोगाशीही आहे आणि म्हातारपणच्या कंपवाताशीही आहे. धागे असे लांबवर जातात.

पण सावध राहिले पाहिजे. संबंध असणे निराळे आणि कारण असणे निराळे. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या उघडतात. म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असे कोणी म्हणत नाही. क्रोनच्या रोग्याला कंपवात होणारच, किंवा कुष्ठरोग्याच्या घरात क्रोनचा रोग येणारच, असा अर्थ यातून काढू नये.

आता दुसरे दार, कारखान्याचे. हा रोग आधी युरोप-अमेरिकेच्या औद्योगिक शहरांत वाढला आणि मग जिथे जिथे तशी राहणी गेली तिथे तो दिसू लागला. आपल्या देशातही गेल्या काही दशकांत तो पूर्वीपेक्षा अधिक ओळखला जाऊ लागला आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात स्थलांतरितांची एक पाहणी झाली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. आपल्या उपखंडातून तिकडे गेलेल्या माणसांना आतड्याच्या या रोगांचा धोका तिथल्या लोकांपेक्षा कमी होता. पण त्यांच्या तिकडे जन्मलेल्या मुलांना तो तिथल्या मुलांइतकाच झाला. एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलते ती राहणी. मग राहणीतले नेमके काय? तंबाखू ओढणे हे एक. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत धूम्रपानाने क्रोनचा रोग जास्त होतो आणि झालेला बळावतो असे दिसले आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वासात वाढलेल्या आपल्या भागाने हे ऐकून ठेवावे. बालपणी वारंवार घेतलेली जंतुनाशके हे दुसरे. फ्रान्सच्या एका डॉक्टरने २००३ साली अशी कल्पना मांडली की फ्रिजच्या थंडीतही वाढणारे जंतू याला जबाबदार असावेत. ती अजून कल्पनाच आहे. अमेरिकेतील काही डॉक्टरांना वाटले की पोटातले जंत नाहीसे झाले आणि त्यामुळे शरीराची फौज बेकार होऊन घरातच भांडू लागली. त्यांनी २००५ साली रोग्यांना चक्क डुकरातल्या जंतांची अंडी पाजून पाहिली. सुरुवातीस गुण आल्यासारखे वाटले. मोठ्या पाहणीत २०१३ पर्यंत तो दावा टिकला नाही. तेव्हा शाळेत मिळणारी जंताची गोळी मुलांना अवश्य द्यावी.

वसाहतीतल्या एखाद्या धुराड्याकडे बोट दाखवून 'हा रोग त्यामुळेच' असे म्हणायला आज पुरावा नाही. पण रात्रपाळी, वेळी-अवेळीचे खाणे, सुट्टी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढणे, या गोष्टींनी निदान लांबते, हे सांगायला पुराव्याची गरज नाही. रोजंदारीवरचा गडी चार दवाखान्यांत चार खाडे करतो आणि मग कंटाळून जाणेच सोडतो. त्याचे सहा महिने जातात, आणि आतडे तेवढ्यात थांबून राहत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, एक वही घालावी. पोट केव्हा बिघडले, किती दिवस राहिले, वजन किती, ताप होता का. आणि त्याच वहीत डोळा, सांधे, कंबर, तोंडातले फोड, भगंदर, सगळे तारखेसह लिहावे. जुने कागद, क्ष-किरणाच्या फिल्म, शस्त्रक्रियेचे दाखले एका पिशवीत ठेवावेत. कोणत्याही डॉक्टरकडे गेलो तरी ती पिशवी बरोबर न्यावी आणि 'मला हेही होते' असे आपण होऊन सांगावे. डॉक्टर विचारील तेवढेच सांगायचे, ही आपली खोड वाईट आहे.

दुसरी गोष्ट, धोक्याच्या खुणा ओळखाव्यात. चार-सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेले जुलाब, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, कारण नसता उतरणारे वजन, वरचेवर फुटणारे भगंदर, यांपैकी काहीही असेल तर मोठ्या रुग्णालयात जावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. शौचाची एक साधी तपासणी करून आतड्यात सूज आहे की नाही याचा अंदाज आता घेता येतो. त्यानंतर गरज पडली तरच दुर्बीण.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. शाळेत मुलांची उंची आणि वजन मोजून नोंदवतात. ती नोंद नुसती भरू नका, वाचा. सगळी मुले वाढताहेत आणि एकच मूल दोन वर्षे त्याच रेघेवर अडले आहे, फिकट दिसते, वरचेवर पोट धरून बसते, मधल्या सुट्टीत खेळत नाही, तर त्याला आळशी म्हणण्याआधी पालकांना बोलवावे आणि शाळा तपासणीला येणाऱ्या वैद्यकीय पथकाच्या नजरेस ते आणून द्यावे. क्रोनचा रोग असेल, क्षय असेल, नुसती उपासमार असेल, किंवा काहीच नसेल. पण मुलाच्या वाढीची वर्षे परत येत नाहीत. ती गेल्यावर निदान झाले तर उंचीचे नुकसान भरून काढता येत नाही.

श्रोतेहो, पादुआच्या अध्यापकांनी तरुणाच्या तक्रारी आणि त्याचे आतडे एकत्र पाहिले. ग्लासगोच्या डॉक्टरने माणूस आणि गाय शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. न्यूयॉर्कच्या तिघांनी चौदा रोग्यांचे कागद जुळवले. दिल्लीच्या दोघांनी क्षय आणि क्रोन यांना समोरासमोर बसवले. त्यांच्यापैकी कुणाला पुरते उत्तर मिळाले नाही. पण प्रत्येकाने आधी सुटे पडलेले काहीतरी जोडले. आपल्या घरातल्या रोग्यासाठी तेवढेच काम आपल्यालाही करता येते, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक पिशवी आणि घरातल्या माणसाकडे नीट पाहण्याची सवय एवढे असले की पुरे.